लहान मुलुख, मोठा उंबरठा

इटलीच्या पूर्व किनाऱ्यापासून थोडे आत गेले म्हणजे सपाट प्रदेशातून एकाएकी वर आलेला एक उंच कडा दृष्टीस पडतो. त्याला तितानो म्हणतात. माथ्यावर तीन बुरूज, अंगावर दगडी घरे आणि चढणीच्या अरुंद गल्ल्या, पायथ्याशी द्राक्षांचे मळे, असे त्याचे रूप आहे. हा कडा आणि त्याच्या भोवतालची ६१ चौरस किलोमीटर भूमी मिळून एक स्वतंत्र देश होतो. त्याचे नाव सान मारीनो. चोहोंकडून इटलीने वेढलेल्या ह्या देशाला समुद्र नाही, मोठी नदी नाही, आणि त्याची लोकसंख्याही आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच आहे. असे असूनही दरवर्षी लाखो प्रवासी वाट वाकडी करून तेथे जातात. एवढ्याशा देशात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे.

प्रवासी ह्याची दोन कारणे सांगतात. पहिले कारण असे की, मोठा देश पाहून संपत नाही. लहान देश एका दिवसात पायांखालून जातो आणि संध्याकाळी त्याचे संपूर्ण चित्र मनात तयार झालेले असते. दुसरे कारण तेथील संस्थांचे प्राचीनत्व. त्या देशाचा कारभार दोन प्रमुखांकडे असतो. त्यांची निवड दर सहा महिन्यांनी होते, आणि एक एप्रिल व एक ऑक्टोबर ह्या दिवशी नवी जोडी अधिकार ग्रहण करते. हा क्रम १२४३ पासून ज्ञात आहे. युरोपात ह्या काळात साम्राज्ये उभी राहिली आणि कोसळली. ह्या कड्यावर मात्र दर सहा महिन्यांनी अधिकाराची वस्त्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर चढत राहिली.

परंतु ह्या दोहोंपेक्षा मोलाचे एक तिसरे कारण आहे. ह्या देशाचा संस्थापक मारिनुस हा मुळी त्या भूमीचा नव्हेच. परंपरा सांगते की, तो समुद्रापलीकडच्या दाल्मेशियातील एक पाथरवट होता, आणि धर्मच्छळातून सुटण्यासाठी इ. स. ३०१ मध्ये ह्या कड्याच्या आश्रयास आला. परक्याने वसविलेल्या ह्या देशाने पुढेही परक्यांना पाठ दाखविली नाही. १८४९ मध्ये रोमच्या पाडावानंतर शत्रूने पाठलाग चालविला असता गॅरिबाल्डी आपल्या थकलेल्या सैनिकांसह येथेच शिरला, आणि येथेच त्याला आसरा मिळाला. १९४४ मध्ये महायुद्धाची आघाडी इटलीतून वर सरकू लागली, तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या ह्या देशात सुमारे एक लक्ष निर्वासित येऊन राहिले; आगगाडीच्या बोगद्यांतसुद्धा त्यांनी अंथरुणे पसरली होती. आणि ह्याच देशाला १७९७ मध्ये नेपोलियनने आणखी प्रदेश देऊ केला असता त्याने तो नम्रपणे नाकारला होता. आपली सीमा लहान ठेवावी आणि उंबरठा मात्र रुंद ठेवावा, अशी त्या देशाची रीत आहे.

अशा दृष्टीने पाहू लागले म्हणजे लहान मुलखाच्या दर्शनासाठी पारपत्र काढण्याची आवश्यकता राहत नाही. पुण्याहून पूर्वेस व ईशान्येस एका दिवसाच्या टप्प्यात, भीमा आणि घोड ह्या नद्यांच्या काठी, शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पसरले आहेत. हे कधी स्वतंत्र राज्य नव्हते आणि ह्यांच्या माथ्यावर बुरूज नाहीत. पर्जन्यछायेतील ही भूमी बहुतांशी सपाट, कोरड्या वाऱ्याची आणि बेभरवशाच्या पावसाची. आगगाडीतून किंवा नगरच्या हमरस्त्याने जाणारा नागर प्रवासी तिच्याकडे ‘मधला प्रदेश’ म्हणून पाहतो. त्याला पुढे सोलापूर गाठावयाचे असते, नाहीतर शिर्डी. पण ह्या मधल्या प्रदेशाने बाहेरून आलेल्यांना, हरलेल्यांना, टाकलेल्यांना आणि मेलेल्यांना जी जागा दिली, तिचा हिशेब मांडला तर तो तितानोच्या कड्यापुढे मान खाली घालण्यासारखा खचित नाही.

पुण्याहून नगरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर गेले म्हणजे भीमा लागते. नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत, एक दगडी स्तंभ उभा आहे. नदी ओलांडली की कोरेगाव भीमा, म्हणजे शिरूर तालुका. १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन ह्याची सुमारे आठशे शिपायांची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली, आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी तिची गाठ दुसऱ्या बाजीरावाच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी पडली. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून झुंज चालली. नदी डोळ्यांसमोर वाहत असता शिपायांचे घसे तहानेने कोरडे पडले होते. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले. स्तंभ उभारला तो विजयी सत्तेने, आपल्या पराक्रमाची खूण म्हणून. परंतु त्यावर पडलेल्या ४९ शिपायांची जी नावे कोरली गेली, त्यांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. ते महार शिपाई होते. ज्यांची नावे गावच्या दप्तरात सन्मानाने क्वचितच लिहिली जात, त्यांची नावे येथे दगडावर चढली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर येथे आले, आणि तेव्हापासून त्या स्तंभाचा अर्थ पालटला. राज्यकर्ते निघून गेले. स्तंभ राहिला तो त्या नावांच्या वंशजांचा. वर्षाच्या पहिल्या दिवशी तेथे लोटणारी गर्दी ही त्या लढाईतील जयापजयाहून कितीतरी खोल अशा एका गोष्टीची साक्ष आहे.

कोरेगावपासून उत्तरेस थोड्याच अंतरावर वढू बुद्रुक आहे. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या छावणीत, भीमाकाठच्या पेडगावच्या बहादूरगडावर आणण्यात आले. तो गड दौंड तालुक्याच्या समोर, नदीच्या उत्तर तीरावर आजही भग्नावस्थेत पाहावयास मिळतो. तेथे त्यांची विटंबना झाली. पुढे ११ मार्च १६८९ रोजी भीमातीरीच त्यांचा वध झाला. बादशहाची छावणी सभोवार पसरली होती. छत्रपतींच्या देहाला हात लावणे म्हणजे स्वतःचा देह धोक्यात घालणे होते. तरी गावकऱ्यांनी त्यांच्यावर वढू येथे अंत्यसंस्कार केले, असे परंपरा सांगते. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणाऱ्या त्या राजाची समाधी येथे आहे, आणि जवळच कवी कलशांचीही आहे. कवी कलश हे उत्तरेकडून आलेले. महाराष्ट्रात त्यांच्याविषयी सर्वांचे मत अनुकूल होते असे नाही. पण शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी साथ सोडली नाही, आणि वढूच्या मातीनेही त्यांची जागा वेगळी काढली नाही. ह्या दोन समाध्या एकत्र पाहाव्यात. एकच पाहून परतणारास अर्धीच कथा कळते.

शिक्रापुरावरून उत्तरेकडे वळले म्हणजे पाबळचा रस्ता लागतो. ह्या बाजूचे केंदूर हे गाव अभ्यासकांना चालुक्यांच्या ताम्रपटामुळे परिचित आहे. बदामीच्या दुसऱ्या कीर्तिवर्म्याचा शके ६७२ चा, म्हणजे इ. स. ७५० चा, दानलेख ‘केंदूर ताम्रपट’ ह्या नावानेच प्रसिद्ध आहे. परंतु पाबळला जाणाऱ्याचे मन गुंतलेले असते ते मस्तानीच्या कबरीत. बुंदेलखंडातून आलेल्या ह्या स्त्रीला थोरल्या बाजीरावाने पाबळ, केंदूर व लोणी ही गावे दिली होती. बाजीरावाचे तिच्यावर प्रेम होते. बाजीरावाच्या घराचे नव्हते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारला, आणि त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिच्या मृत्यूविषयी नाना कथा प्रचलित आहेत. त्यांतील बहुतेक कथा कादंबरीकारांच्या सोयीच्या आहेत. निश्चित एवढेच की, जिला पुण्याच्या वाड्यात सुखाने नांदता आले नाही, तिला पाबळच्या मातीने कायमची जागा दिली. तिचा मुलगा समशेर बहाद्दर हा पेशव्यांच्याच पक्षाने १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि जखमांनी मरण पावला. कबर साधी आहे. जेथे शेजारच्या वढूत छत्रपतींची समाधी आहे, तेथे ह्या साधेपणाने कोणास निराशा वाटू नये. दोन्ही ठिकाणी गावाने एकच काम केले आहे.

पुन्हा हमरस्त्यास लागून पूर्वेस गेले की रांजणगाव येते. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान महाराष्ट्रातील घराघरांस ठाऊक आहे आणि त्याच्या वर्णनाची आवश्यकता नाही. पुढे घोड नदीच्या काठी शिरूर गाव. नदीवरून त्याला घोडनदी असेही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे इंग्रजांची मोठी छावणी होती. ह्या छावणीचा सेनापती कर्नल वॉलेस हा १८०९ मध्ये येथेच वारला व येथेच पुरला गेला. परदेशी सेनानायकाची कबर म्हणजे सामान्यतः गवत माजलेला एक चौथरा आणि पुसट झालेली अक्षरे. शिरूरच्या लोकांनी मात्र ह्या कबरीचे काही निराळेच केले. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नोंद आहे की, गावचे व आसपासच्या खेड्यांचे लोक ह्या साहेबाला ‘सत्पुरुष’ मानीत, आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवीत. तो मराठी राज्याशी लढलेला सेनापती. असईच्या रणांगणावर आणि गाविलगडच्या वेढ्यात त्याने नाव मिळविलेले. पण आपल्या शिवारात येऊन निजलेल्या माणसाला जेवू घातल्यावाचून कसे राहावयाचे, असाच जणू त्या कुणब्यांचा विचार असावा. इतिहासाच्या ग्रंथांत शत्रू आणि मित्र ह्यांचे रकाने निराळे असतात. सुगीच्या पहिल्या कणसाला ते रकाने ठाऊक नव्हते.

शिरूरहून दक्षिणेस चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हे गाव आहे. तेथून पूर्वेस वळून घोड नदीच्या उजव्या तीरावरचे इनामगाव गाठावे. येथे पाहण्यासारखे काय आहे, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर असे की, डोळ्यांना जवळजवळ काहीच नाही. काही पांढरीची टेकाडे, काळी शेते आणि नदी. परंतु १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी, डॉक्टर हसमुख सांकलिया, डॉक्टर मधुकर ढवळीकर व डॉक्टर अन्सारी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, ह्या पांढरीतून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक संपूर्ण गाव उकरून काढले. महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांचे इतके सविस्तर चित्र दुसऱ्या क्वचितच कोणत्या स्थळी हाती लागले असेल.

हे गाव इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत नांदले. लोक तांब्याची व दगडाची हत्यारे वापरीत. लोखंड त्यांना बहुतेक काळ ठाऊक नव्हते. त्यांची घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली. चाकावर घडविलेली त्यांची मडकी तांबडी व त्यांवरची नक्षी काळी. सातू, गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा ही पिके ते घेत. बोरे, आवळे, जांभळे रानातून आणीत. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या पाळीत. आणि नदीतील मासे, कासवेच काय, सुसरीचीही हाडे तेथे मिळाली आहेत. कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची वस्ती गावाच्या एका अंगाला होती. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले, आणि त्याला लागून धान्याचे कोठार. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे व कोठार सर्वांच्या धान्याचे, असे संशोधकांचे अनुमान आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे नदीच्या पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी खणलेला पाट आणि त्याला घातलेला बांध. ज्या प्रदेशात आज घोड आणि चासकमान ह्या धरणांच्या पाण्यावर शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात, त्याच प्रदेशात तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरीही पाणी अडविण्याचाच विचार करीत होता.

ह्या लोकांची आपल्या मृतांशी वागण्याची रीत चटका लावणारी आहे. मूल दगावले की त्याला दोन मडक्यांत ठेवीत. मडक्यांची तोंडे एकमेकांस भिडवीत आणि ती घराच्या जमिनीखालीच पुरीत. ज्या जमिनीवर आई स्वयंपाक करी, तिच्याच खाली तिचे मूल निजलेले असे. मोठ्या माणसांनाही घरातच पुरीत. मात्र त्यांचे पाय घोट्यापासून तोडीत. मृताने उठून दूर निघून जाऊ नये, म्हणून असे करीत असावेत, असा एक तर्क आहे. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तर चार पायांचा एक प्रचंड मातीचा रांजण निघाला, आणि त्यात मांडी घालून बसविलेला एक प्रौढ पुरुष. त्याचे पाय तोडलेले नव्हते. दुसऱ्या एका घरात जमिनीखाली झाकण असलेली मातीची लहानशी पेटी मिळाली. तीत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती, आणि सोबत मातीचाच बैल. आजही खेडोपाडी ज्या मातृदेवता पुजल्या जातात, त्यांच्याशी ह्या पेटीतील देवीचे नाते जोडण्याचा मोह अभ्यासकांना आवरला नाही, ह्यात नवल नाही.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस कमी होत गेला असावा. गावाची कळा उतरली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, मडकी ओबडधोबड झाली, शेती आखडली आणि शिकारीवरची भिस्त वाढली. मग ७०० च्या सुमारास लोक गाव सोडून गेले. कोठे गेले, कोणाच्या उंबरठ्यावर उभे राहिले, हे मडकी सांगत नाहीत. ह्या भूमीच्या इतिहासाचे पहिले प्रकरण असे दुष्काळाने संपते. येथे सापडलेल्या वस्तू पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. त्या आधी पाहून मग इनामगावला गेले, तर रिकामी दिसणारी टेकाडे रिकामी वाटत नाहीत.

पुन्हा न्हावऱ्यास येऊन दक्षिणेस निघाले की पारगावजवळ भीमा ओलांडून प्रवासी दौंड तालुक्यात शिरतो. चौफुल्याच्या अलीकडेच केडगाव. पुण्याहून येणाऱ्यास आगगाडीनेही येथे उतरता येते. ह्याच केडगावच्या माळावर पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि तिने मुलीला. तीर्थाटन करीत फिरणाऱ्या ह्या कुटुंबाला दक्षिणेतील दुष्काळाने गाठले, आणि वर्षभराच्या आत रमाबाईंचे वडील, आई व बहीण अन्नावाचून गेली. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी गौरविलेली ही मुलगी मुळात दुष्काळातून उरलेली मुलगी होती. इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदनाची स्थापना, पुढल्या वर्षी ते सदन पुण्यास आणणे आणि त्यावरून उठलेले वादळ, हा सर्व इतिहास सुशिक्षित घरांतून परिचित आहे. त्या वादात कोणाचे किती खरे होते, ह्याचा निवाडा अजूनही होत असतो. परंतु वादाचा धुरळा पुण्यात उडत असता, केडगावात काय झाले, हे पाहावयास फारच थोडे लोक गेले.

१८९६ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी, निराधार मुलींच्या व बालविधवांच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि त्यांनी शेकडो मुली सोडवून आणल्या. त्यांना ठेवावयाचे कोठे? केडगावला घेतलेली जमीन ओसाड माळाची होती. तेथे विहिरी खणल्या, राहुट्या व झोपड्या उभारल्या, मग इमारती झाल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, आंधळ्यांसाठी बोटांनी वाचावयाच्या लिपीचे वर्ग, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, असे एक लहानसे राज्यच तेथे वसले. त्या राज्यात छापखान्याचे खिळे जुळविणाऱ्या मुलीच होत्या आणि मळ्याला पाणी देणाऱ्याही मुलीच. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या आधी वर्षभरच त्यांची एकुलती कन्या मनोरमाबाई गेली होती. मुक्तिसदनाचे कार्य आजही चालू आहे.

सान मारीनोच्या बोगद्यांत निजलेले एक लक्ष निर्वासित आणि केडगावच्या राहुट्यांत निजलेल्या ह्या मुली ह्यांच्यात काळाचे व समुद्राचे अंतर आहे. दार उघडणाऱ्याच्या मनात अंतर नाही. आपल्याजवळ पुरेसे आहे की नाही, ह्याचा हिशेब दोन्ही ठिकाणी दार उघडल्यानंतर केला गेला.

केडगावहून पूर्वेस दौंड. हे गाव आगगाडीने घडविले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, आणि उत्तरेकडच्या व दक्षिणेकडच्या वाटा भीमेच्या काठी एकत्र आल्या. इंजिनवाले, गार्ड, फिटर, हमाल असे निरनिराळ्या प्रांतांतले व धर्मांतले लोक येथे येऊन स्थायिक झाले. येथून भीमेच्या काठाकाठाने शिरापूरपर्यंत गेले म्हणजे पैलतीरी अहिल्यानगर जिल्ह्यातील सिद्धटेक दिसते. पूल होण्यापूर्वी भाविक शिरापुराहून नावेने पलीकडे जात. सिद्धिविनायकाचे तेथील देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेले आहे. ह्या नदीकाठावर दोन दिवसांच्या यात्रेची सांगता करावी.

ह्या यात्रेत एक अडचण आहे, ती रस्त्यांची नव्हे. ह्या मुलखात येणारा प्रत्येक जण बहुधा स्वतःपुरते एकच ठिकाण पाहून परततो. गणेशभक्त रांजणगाव व सिद्धटेक करतो, पण वाटेवरच्या इनामगावाकडे वळत नाही. वढूला माथा टेकणारा पाबळला जात नाही; पाबळला जाणारा केडगावला उतरत नाही; स्तंभाजवळ येणारा आणि समाधीजवळ येणारा हे एकाच रस्त्याने येऊन एकमेकांकडे पाठ करून निघून जातात, आणि कधीकधी त्यांच्यात तेढही माजते. ही स्थळे एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. देश लहान असण्याचा खरा लाभ हा की, त्यात कोणाचेही शेजारपण टळत नाही. जो सगळी स्थळे एका फेरीत पाहील, त्याला ह्या लाभाचा अनुभव येईल.

आणि आणखी एक गोष्ट त्याच्या दृष्टीस पडेल. हिवाळ्यात ह्या दोन्ही तालुक्यांत उसाची तोड चालू असते. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून तोडणीवाल्यांच्या टोळ्या येतात आणि उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोप्यांत संसार थाटतात. केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांवर दूरच्या प्रांतांतील मजूर कढईत रस आटवीत असतात. रांजणगावच्या कारखान्यांतही परप्रांतीय कामगार आहेत. इनामगावच्या शेवटच्या शतकांतील गोल झोपड्या कशा दिसत असतील, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने ह्या कोप्या पाहाव्यात. कोयता घेतलेल्या बाईच्या पाठीमागे, पाचटाच्या सावलीत, तिचे मूल निजलेले असते. ते शाळेत जाणार की पुढच्या फडावर, ह्याचा निर्णय तालुक्याच्या नकाशावर होत नाही, उंबरठ्यावर होतो.

ज्या भूमीने परक्या सेनापतीला सुगीचा नैवेद्य दिला, नाकारलेल्या राणीला जागा दिली, छळलेल्या राजाला मूठभर माती दिली आणि टाकलेल्या मुलींना घर दिले, तिच्या उंबरठ्यावर ते मूल आज निजलेले आहे. सान मारीनोला जाणारा प्रवासी तेथील जुने बुरूज पाहून परततो. शिरूर-दौंडला जाणारास मात्र इतिहास घडत असताना पाहता येतो.